परीक्षा असलेली गोळी

माझ्या हृदयातला बिघाड शोधून काढला तो चौथीतल्या आरोहीने, आणि बक्षीस म्हणून मी तिला हिशेब चुकल्याबद्दल पुन्हा मोजायला लावलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक. वारंगा फाट्यापासून थोडं आत आमचं गाव, शाळेच्या मागच्या बाजूला माझं घर आणि घरापुढे लांबलचक ओटा. संध्याकाळी शाळा सुटली की पोरं दप्तरासकट थेट ओट्यावर येतात. दिवसभर शाळेत बसून कंटाळलेली लेकरं पुन्हा शिकायला कशी येतात, असं मला पाहुणे विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. माझ्या ओट्यावर पाठ्यपुस्तक उघडायचं नसतं. आम्ही मुंग्यांची रांग मोजतो, चिंचोक्यांनी भागाकार करतो, सावलीवरून झाडाची उंची काढतो. त्या दिवशी नाडी मोजायची होती.

ज्याने त्याने शेजाऱ्याचं मनगट धरायचं, मी घड्याळ धरायचं, असा बेत होता. आरोहीला जोडीदार उरला नाही म्हणून मी माझा हात तिच्यापुढे केला. तिने बराच वेळ डोळे मिटून मोजलं आणि म्हणाली, "गुरुजी, तुमची नाडी बराबर न्हाई. दोन ठोके पळतात, एक खाली बसतो, मग सगळे एकदम उठतात."

"ठोके बसत नसतात, बाळ. लक्ष देऊन मोज."

तिने पुन्हा मोजलं. उत्तर निराळं आलं. एकाच गणिताची दोन उत्तरं येत नाहीत, असं मी तिला समजावलं आणि प्रभूला बोलावलं. प्रभूचं तिसरंच आलं. मग सगळ्या वर्गाने रांग लावून माझी नाडी मोजली आणि एकाचंही उत्तर दुसऱ्याशी जुळेना. "आज कुणाचंच लक्ष नाही," असं म्हणून मी फळा पुसायला घेतला. तेवढ्यात दारातून आमच्या सत्यशीलाबाईंचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, आवाज आला.

"सगळा वर्ग एकदम चुकून राहिला म्हणजे मास्तर तपासा."

तर मास्तर तपासायला नांदेडला नेला. छातीला चिमटे लावून मशीनमधून जी पट्टी निघाली ती म्हणजे पहिलीतल्या पोराने धावत्या एसटीत बसून मारलेली रेघ होती. मी कुणाच्या वहीत अशी रेघ पाहिली असती तर पट्टी घेऊन पुन्हा मारायला लावली असती. डॉक्टर रागिणी वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी पट्टी पाहिली, हृदयाची सोनोग्राफी केली, रक्त तपासायला पाठवलं आणि मग खुर्ची पुढे ओढून शांतपणे सांगितलं.

"गुरुजी, हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतोय. त्यामुळे रक्त तिथं रेंगाळतं. रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर लकवा."

हे मला ताबडतोब समजलं. मधल्या सुट्टीनंतर पोरं व्हरांड्यात रेंगाळली की त्यांचा घोळका होतो आणि तो घोळका कुठे जाऊन काय करील याचा नेम नसतो. माझ्या हृदयात घंटा वाजूनही पोरं वर्गात जात नव्हती, एवढाच प्रकार.

"तुमचं वय आणि ब्लडप्रेशर बघता रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावीच लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात दोन प्रकार आहेत. एक जुनी. ती स्वस्त आहे, पण तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. दुसरी नवी. ती महाग आहे, पण ही आकड्याची तपासणी लागत नाही. तुमच्या झडपा ठीक आहेत, किडनी ठीक आहे, दोन्ही चालतील. माझा कल नवीकडे आहे. पण गोळी तुम्हाला आयुष्यभर घ्यायचीय. घरी विचार करा आणि कळवा."

घरी विचार करा! एवढा प्रवास करून, नंबर लावून, उत्तर विचारायला गेलो तर हातात प्रश्नच ठेवला. परतीच्या बसमध्ये सत्यशीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शिकलेली बाई दिसते, पण तिला म्हाईत न्हाई वाटतं."

"तिला माहीत आहे. ती आपल्याला निवड देते आहे."

"लग्नात बी मला निवड नव्हती अन् आता गोळीत देऊन राहिली," त्या म्हणाल्या. या वाक्याचा रोख नेमका कुणावर होता याचा मी अजून विचार करतो आहे.

खेड्यात माणसाने एकट्याने विचार करणं हे उद्धटपणाचं समजलं जातं. दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर ग्यानबाच्या हॉटेलात चहाला गेलो, तोवर माझं हृदय माझ्या आधी तिथे पोचलं होतं. हॉटेलात बसलेल्या प्रत्येकाचा एक तरी नातेवाईक हृदयाने गेलेला होता आणि तो कसा गेला हे त्यांनी मला धीर देण्यासाठी सविस्तर सांगितलं.

"गोळीच काहून पाहिजे?" ग्यानबा म्हणाला. "रक्त पातळ करायचं ना? पाणी प्या भरपूर. चहात टाकलं की चहा पातळ होते का न्हाई?"

त्याच्या चहाच्या बाबतीत हे तंतोतंत खरं होतं. दुसऱ्या एकाने लसूण सुचवला. तिसऱ्याने खिशातून आपली गुडघ्याची गोळी काढून माझ्या बशीत ठेवली आणि म्हणाला, "ही घेऊन पाहा, मला तर लय फरक पडला." डॉक्टरांनी अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही असं बजावलं होतं, कारण तिच्यामुळेही रक्तस्राव वाढतो. मी ती गोळी आदराने परत केली. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

तेवढ्यात मसाजी आला. मसाजी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, माझ्याच वयाचा, आणि बऱ्याच वर्षांपासून जुनी गोळी घेणारा. त्याने बसायच्या आधी खिशातून रक्ताचा रिपोर्ट काढून टेबलावर टाकला, जसा दहावीला पहिला आलेल्या पोराचा बाप गुणपत्रिका टाकतो.

"दोन ते तीनच्या मधी पाहिजे," तो म्हणाला. "माझा कायम अडीच. कवा बी बघा."

मी बघितलं. अडीच. खरं सांगतो, माझ्या मनात काहीतरी हललं, आणि ते हृदयाचं थरथरणं नव्हतं.

पुण्याहून आमच्या हरीशचा फोन आला. "बाबा, नवी घ्या. पैशाचा विचार करू नका." आईबापांनी पैशाचा विचार करावा असं वाटत असेल तर मुलांनी हेच वाक्य बोलावं.

पण मी जुनी गोळी घेतली ती पैशासाठी नव्हे. कारण वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. जुन्या गोळीला परीक्षा होती. रक्त द्यायचं, निकाल लागायचा, दोन ते तीनच्या मध्ये आलात तर पास. नवी गोळी म्हणजे आठवीपर्यंत कुणालाच नापास न करण्याचा तो नियम. गिळत राहा, वरच्या वर्गात जात राहा. आत काही शिकलं का नाही हे कुणी विचारायचं नाही. तो नियम आल्यापासून मी त्यावर कुरकुरत आलो आणि आता तोच नियम गिळायचा? शिवाय मी जन्मात कधी नापास झालो नव्हतो. मसाजीला अडीच पडतात तर मला पडायला काय हरकत होती?

डॉक्टरांनी फोनवर हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, "चालेल. फक्त एक लक्षात ठेवा. हिरव्या पालेभाज्या या गोळीच्या विरुद्ध काम करतात. बंद नाही करायच्या, पण रोज साधारण सारख्याच खायच्या. एक दिवस ढीगभर आणि एक दिवस काहीच नाही, असं नको."

"एवढंच ना?" मी म्हणालो. फोन ठेवून वळलो तर फाटकात पंचफुलाबाई उभ्या होत्या. डोक्यावर करडईच्या भाजीचा भारा होता.

इथे मला माझ्या शिकवणीचं अर्थशास्त्र सांगणं भाग आहे. मी पोरांकडून काही घेत नाही. पण आमच्या गावात फुकट घेणं हे चोरी करण्याच्या अलीकडचं समजतात. त्यामुळे फार पूर्वी, कुणी न ठरवता, असं ठरून गेलं की ज्याचं लेकरू गुरुजींच्या ओट्यावर बसतं त्याच्या शेतातली भाजी गुरुजींच्या घरी जाते. दिवाळीनंतर करडईची कोवळी पानं, मग हरभऱ्याचे शेंडे, मेथी, शेपू, चुका. ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडाच आहे आणि पोट शेळ्यामेंढ्यांवर चालतं, ती माणसंसुद्धा बांधावरची घोळीची भाजी खुडून आणतात. ही फी नाही. फी म्हटलं तर भांडण होईल. पण हंगामात ती आली नाही असं कधी झालेलं नाही.

पंचफुलाबाई म्हणजे प्रभूची आजी. शेळ्यांचा कळप आणि एक नातू, एवढा त्यांचा संसार.

"गुरुजी, तुमच्या जिवाला तकलीफ झाली म्हणे. तवा म्हणलं जास्त न्यावी."

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायला तोंड उघडलं. पण उन्हातून भारा आणलेल्या बाईला 'साधारण सारखी' या शब्दांचा अर्थ कसा सांगावा ते सुचेना. मी भारा उतरवून घेतला. माझ्या जिवाला तकलीफ झाल्याचं सगळ्या गावाला कळलेलं असल्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घरात हिरव्या रंगाखेरीज काही शिजलं नाही.

पहिल्या परीक्षेला मी कळमनुरीला गेलो. प्रयोगशाळेतल्या मुलाने माझं रक्त घेतलं आणि सांगितलं की मशीन बिघडलंय, नमुना नांदेडला जाईल, निकाल उद्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी निकाल मिळाला, त्यावर माझं तातेराव हे नाव होतं, पण पुढे 'कुमारी' लावलेलं. मी मुलाला म्हणालो, "बाळ, मी कुमारी नाही." तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "काका, आता ते बदलायचं तर नांदेडला मेल करावा लागतो." म्हणून माझ्या आयुष्यातला पहिला नापासाचा निकाल मी कुमारी म्हणून स्वीकारला. आकडा दोनच्या बराच खाली होता.

"किती पडले?" ग्यानबाच्या हॉटेलातून मसाजीने हाक मारली.

मी ऐकू न आल्यासारखं केलं. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं.

शिक्षकाला अपयश आलं की तो वेळापत्रक करतो. मी फळ्याचा एक कोपरा चौकोन आखून वेगळा केला. सोमवारी आरोहीच्या घरची भाजी, मंगळवारी प्रभूच्या, असे वार वाटून दिले. रोज एकच जुडी. पोरांना हे फार आवडलं. पण लगेच शंका निघाली.

"गुरुजी, जुडी म्हंजे केवढी?"

"हातात मावेल एवढी."

"कुनाच्या हातात? माझ्या का आजीच्या?"

प्रश्न रास्त होता. पंचफुलाबाईंच्या हातात बोकड मावतो. मी ग्यानबाकडून तराजू आणला आणि ठरवलं की जुडी तोलून घ्यायची, तेवढंच पोरांचं वजन-मापही होईल. दोन दिवस झकास गेले. पोरं वाकून काटा बघायची, जास्तीची पानं काढायची, कमी पडली तर परत घालायची. तिसऱ्या दिवशी आरोहीची आई फाटकात आली.

"गुरुजी, आमच्या भाजीला काटा लावला म्हणे तुमी?"

"अहो, मापासाठी. माझ्या औषधासाठी."

"अन् पानं काढून परत धाडली? कमी धाडली आसती तर गोष्ट येगळी. जास्त धाडली म्हणून परत?"

मी तिला गोळी, गुठळी, भाजी, सगळं समजावून सांगितलं. फळ्यावर हृदय काढून दाखवलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, "व्हय, व्हय" म्हणाली आणि गेली. मला वाटलं, समजलं. समजलं होतंच. तिला एवढंच समजलं होतं की गुरुजींच्या समोर तोललेली जुडी द्यायची आणि उरलेली भाजी मागच्या दाराने बाईंकडे द्यायची. हीच गोष्ट, एकमेकींना न विचारता, गावातल्या सगळ्या आयांना समजली. कारण आरोहीच्या घरून दोन जुड्या जातात आणि आपल्या घरून एकच, हे कोण सहन करील?

आता भाजी वाया घालवणं सत्यशीलाबाईंच्या स्वभावात नाही. त्यांनी ती चिरून थालीपिठात घातली, वरणात घातली, भाकरीच्या पिठात मळली. मी समोरची तोललेली जुडी खाऊन शिस्तीत उठायचो आणि न तोललेल्या तिघी माझ्या पोटात आधीच बसलेल्या असायच्या. दुसऱ्या परीक्षेलाही आकडा दोनच्या खाली. प्रमाण पुन्हा वाढलं.

"भाकरी हिरवी काहून दिसून राहिली होती, हे तुम्हाला इतके दिवस दिसलं न्हाई?" नंतर सगळं उघडकीला आल्यावर सत्यशीलाबाईंनी मलाच विचारलं. मी म्हणालो की मला वाटलं ज्वारी नवी आहे.

इकडे मसाजीचा अडीच हलत नव्हता. त्याचं रहस्य मी एकदा त्याच्या घरी जाऊन पाहून आलो. तो सकाळी पिठलं-भाकरी खातो, संध्याकाळी पिठलं-भाकरी खातो, सणाला पिठलं-भाकरी आणि गूळ खातो. लेकरं-नातवंडं परगावी. त्याच्या दारात भाजी घेऊन येणारं कुणी नाही. त्या दिवशी मला वाटणारा त्याचा हेवा थोडा कमी झाला.

जानेवारी निम्मा सरला आणि शेताने आपलं वेळापत्रक बदललं. करडईला काटे आले, हरभऱ्याला घाटे लागले, दोन्ही भाज्या खुडायच्या राहिल्या नाहीत. वरून हळद काढायची घाई सुरू झाली. बाया पहाटेच रानात जायच्या त्या अंधार पडल्यावर परतायच्या. मागच्या दाराची वर्दळ थांबली, पुढच्या दाराचीही. आमच्या घरात बटाटा आणि डाळ शिजू लागली. मी खूश होतो. माझ्या लक्षात एवढंच आलं नाही की गोळी ढीगभर भाजीशी कुस्ती खेळण्यासाठी वाढवलेली होती आणि आता समोर भाजी नव्हती. ती एकटीच आखाड्यात दंड थोपटत उभी होती.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, टोपी. निघताना दाढी केली आणि हनुवटीला वस्तऱ्याचं टोक लागलं. एरवी बोट दाबलं की थांबतं. त्या दिवशी थांबेना. तुरटी लावली, कागदाचे कपटे चिकटवले. झेंडा वर गेला तेव्हा मी ताठ उभा राहून सलामी देत होतो आणि हनुवटीवरून एक थेंब निघून कॉलरवर उतरत होता. भाषणाला उभा राहिलो तोवर रुमाल हनुवटीला धरायची पाळी आली. 'देशासाठी रक्त सांडणारे' हे शब्द भाषणात होते, ते मी वगळले. तरी पहिल्या रांगेतली एक लहान पोरगी शेजारणीला म्हणालीच, "गुरुजी आत्ताच सांडून राहिले."

आरोही मात्र हसली नाही. ती रांग सोडून उठली आणि तडक आमच्या घरी गेली.

सत्यशीलाबाई आल्या त्या पायात चप्पल न घालता. हिरड्यांतूनही रक्त येत होतं हे मी दोन दिवस लपवलं होतं, ते त्यांनी माझे दात बघून सगळ्या शाळेसमोर ओळखलं. शिक्षकांनी गाडी काढली आणि आम्ही नांदेडला पोचलो. आकडा तीनच्या इतका वर होता की मसाजीच्या दोन रिपोर्टांची बेरीज केली तरी ती कमी पडली असती. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली, डोक्याला मार लागला होता का, पोटात दुखतंय का, शौचाला काळी होते का, असं सगळं नीट विचारलं आणि मला परत पाठवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या त्या सत्यशीलाबाई. घरी आल्यावर फाटकात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "आजपासून या घरात हिरवं पान येणार न्हाई. ज्यांच्याकडून येतं त्या सगळ्यांना सांगून या."

मी सांगितलं. घरोघरी जाऊन, हात जोडून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, काळजी केली, चहा पाजला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर कुणी आलं नाही.

मला वाटलं, शाळेत काही कार्यक्रम असेल. तिसऱ्या दिवशीही कुणी नाही. चौथ्या दिवशी मी पंचफुलाबाईंकडे गेलो. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. प्रभू मला बघून पळत आला आणि आजीने नुसतं बघितल्यावर तिथेच थांबला.

"पंचफुलाबाई, प्रभू काहून येत नाही?"

"कसा धाडू गुरुजी? तुमी आमचं काही घेत न्हाई आता. मंग लेकरू फुकट शिकवायचं का? आमी गरीब हाव, फुकटे न्हाई."

"दुसरं काही द्या मग."

"दुसरं काय हाय माझ्याजवळ? बोकड बांधू का तुमच्या दारात?"

त्या खरोखर बांधायला निघाल्या होत्या. मी मोठ्या मुश्किलीने अडवलं. त्याच संध्याकाळी आरोहीच्या आईने टोपलीभर गोवऱ्या पाठवल्या. आमच्याकडे गॅस आहे. सत्यशीलाबाईंनी त्या रचून ठेवल्या आणि आरोहीला बसवून घेतलं. पण ती एकटी. दुसरं कुणी येतं का म्हणून ती अधूनमधून रस्त्याकडे बघायची. शेवटी म्हणाली, "गुरुजी, मी बी जाऊ? एकटीला बराबर वाटत न्हाई."

ती गेली. मी खडू हातात धरून बसून राहिलो. लकव्याची मला भीती होती, रक्तस्रावाचीही वाटू लागली होती. पण आयुष्यभर संध्याकाळी पोरांच्या गलक्यात बसलेल्या माणसाला रिकाम्या ओट्यावर बसवलं की त्याच्या छातीत जे होतं त्याची पट्टी कुठल्याच मशीनमधून निघत नाही.

सत्यशीलाबाई बाहेर येऊन शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, ती बिनपरीक्षेची गोळी घ्या."

हे कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर असे प्रश्न विचारून स्वतःची किंमत कमी करून घ्यायची नसते.

"पण ती काम करते का नाही, कळणार कसं?"

"तुमी पोरांना मुंग्या दाखवता, त्याची परीक्षा घेता का कवा? तरी पोरं शिकतात म्हणून तुमीच सांगता ना सगळ्यांना?"

मी नांदेडला गेलो. डॉक्टर रागिणींना वेळापत्रक, तराजू, मागचं दार, हिरवी भाकरी, सगळं सांगितलं. त्या हसू आवरायचा प्रयत्न करत होत्या आणि तो त्यांना जमत नव्हता.

"गुरुजी, ही नवी गोळी घेताना भाजी हवी तेवढी खा," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटतं तशी ही सोपी नाही. आकड्याची परीक्षा नसली तरी सकाळ-संध्याकाळ, रोज, न चुकता घ्यायची. हिचा असर लवकर उतरतो, म्हणून दांडी चालत नाही. आणि किडनीचं रक्त मधूनमधून तपासायचं. रक्तस्राव हिच्यानेही होऊ शकतो, तेव्हा पडू नका, आणि हिरड्यांतून रक्त आलं तर लपवू नका."

म्हणजे परीक्षा नाही, हजेरी आहे! हे मला आधीच कुणी असं सांगितलं असतं तर एवढा घोळ झाला नसता. परीक्षेला मी नापास झालो असेन, पण हजेरीत मला हरवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. जुनी गोळी बंद झाली. आकडा दोनच्या खाली उतरल्यावरच नवी सुरू करायची होती, दोन्ही एकत्र चालत नाहीत, म्हणून शेवटचं एकदा कळमनुरीला रक्त दिलं. कुमारी तातेरावांचा आकडा उतरलेला पाहून कधी नव्हे तो आनंद झाला. राहिलेल्या जुन्या गोळ्या मसाजी मागायला आला, पण त्याचं आणि माझं प्रमाण वेगळं होतं, म्हणून दिल्या नाहीत. त्याने विचारलं, "आता किती पडणार?"

"आता गुण देत नाहीत," मी म्हणालो. "श्रेणी देतात."

नवी गोळी सुरू झाली आणि मी पुन्हा घरोघरी जाऊन सांगितलं की आता भाजी चालते. कुणी विश्वास ठेवला नाही. आठ दिवसांपूर्वी हात जोडून नको म्हणणारा माणूस आज हात जोडून द्या म्हणतो, यात काहीतरी भानगड आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. गुरुजींना लेकरं पाहिजेत म्हणून जिवावर उदार झाले, असंही कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला पंचफुलाबाई फाटकात आल्या. एका हाताला प्रभू, दुसऱ्या हातात विहिरीच्या पाण्यावरची मेथी. त्यांच्या मागे आरोहीची आई, तिच्या मागे आणखी तीन-चार बाया, पदराखाली काहीतरी धरून. पंचफुलाबाई ओट्यावर आल्या, मेथी सत्यशीलाबाईंच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"करा भाजी," त्या म्हणाल्या. "अन् गुरुजींनी खावी. माझ्यासमोर."

सत्यशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मेथी निवडली गेली, चिरली गेली, लसणाची फोडणी पडली. फाटकाबाहेर पोरं जमली. कुणी आत येईना आणि कुणी जाईना. ताट आलं. निवृत्तीच्या सत्काराला आले नव्हते इतके डोळे त्या वेळी माझ्या घासाकडे लागले होते. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, भाकरी संपवली, ताट बोटाने पुसून घेतलं. सत्यशीलाबाईंनी पाणी आणलं आणि संध्याकाळची गोळी हातावर ठेवली. मी ती सगळ्यांच्या समोर गिळली आणि पोरं दात दाखवतात तसा 'आ' करून दाखवला.

पंचफुलाबाईंनी माझ्या तोंडात नीट डोकावून पाहिलं. भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. मग प्रभूच्या पाठीवर थाप मारली.

"बस जा."

प्रभू बसला. त्याच्या शेजारी आरोही बसली. फाटक उघडलं आणि पोरं आत घुसली, आणि त्यांच्या मागोमाग बाया, पदराखालचं एक-एक काढत.

त्या दिवशी वजाबाकी शिकवायचं मी ठरवून बसलो होतो. पण ओट्यावर मेथी, पालक, शेपू, चुका यांचा असा काही ढीग पडला की बेरीजच घ्यावी लागली.